तेल येते, काम जाते

(लातूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कारखाने परदेशी जाणे म्हणजे काय, याचे पाश्चात्त्य चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. १९९४ च्या नाफ्टा करारानंतर अमेरिकेतील मोटारींचे सुटे भाग बनविणारे अनेक कारखाने मेक्सिकोत गेले आणि मागे बेकार कामगारांची गावे उरली. मराठवाड्यात हीच प्रक्रिया निराळ्या रूपाने घडते. येथे यंत्रे जागेवरच राहतात. जाते ते काम.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. निजामी राजवटीत उभी राहिलेली नांदेडची उस्मानशाही मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणाने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली व पुढे बंद पडली. परदेशी कापडाने तिला मारले नाही. जुनी यंत्रे, न झालेली गुंतवणूक आणि भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवरील असंघटित, स्वस्त श्रम ही तिच्या अंताची कारणे होत. प्रत्येक बेकारीचे खापर आयातीवर फोडणाऱ्याला मालकाचा आणि सरकारचा दोष दिसेनासा होतो.

लातूरच्या सोयाबीन गिरण्यांचा प्रश्न मात्र सरळ व्यापारनीतीचा आहे. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. आज देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो: पामतेल मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. आलेल्या प्रत्येक टनामागे बी पिकविण्याचे, पोती उचलण्याचे आणि गाळपाचे काम परक्या भूमीवर होऊन गेलेले असते.

इंडोनेशियाने हे ओळखले. कच्च्या पामतेलावर जास्त आणि शुद्ध तेलावर कमी निर्यातकर लावून त्याने शुद्धीकरणाचे कारखाने स्वतःकडे ओढले. आपल्या सरकारने याला उत्तर दिले, पण ते अर्धे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील एकूण शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के व शुद्ध तेलावरील १३.७५ वरून ३५.७५ टक्के झाले. मे २०२५ मध्ये कच्च्या तेलावरील शुल्क १६.५ टक्क्यांवर उतरले, शुद्ध तेलावरील तसेच राहिले. हा वाढलेला फरक कोणाच्या उपयोगाचा? आयात केलेले कच्चे तेल शुद्ध करणाऱ्या बंदरांवरील मोठ्या रिफायनऱ्यांच्या. लातूरच्या गाळपगिरणीला आणि औसा-निलंग्याच्या शेतकऱ्याला त्यातून संरक्षण मिळाले नाही. उलट आहे तेही घटले. ‘देशी उद्योगाचे रक्षण’ या शब्दांमागे कोणता उद्योग आहे, हे नेहमी विचारले पाहिजे.

शुल्कवाढ हा रामबाण उपाय आहे, असेही नव्हे. सोयाबीनमध्ये तेल सुमारे १८ टक्के. उरतो तो बहुतांश भाग पेंडीचा. म्हणून २०२४ च्या हंगामात शुल्क वाढूनही बाजारभाव ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच राहिला. जगात पेंड स्वस्त होती आणि मक्याच्या इथेनॉलमधून निघणारा चोथा पशुखाद्यात तिची जागा घेत होता. याउलट ऑगस्ट २०२१ मध्ये भाव दहा हजारांच्या आसपास पोचताच सरकारने कुक्कुटपालकांसाठी १२ लाख टन पेंडीच्या आयातीला मुभा दिली. भाव चढला की आयात, पडला की उपदेश, हे धोरण शेतकऱ्याने किती वेळा सोसावे?

नांदेडच्या कापूसवाल्याची गत हीच. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. कापड उद्योगाला दिलासा म्हणून केंद्राने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. तिरुपूरच्या कामगाराची नोकरी टिकली पाहिजे यात शंका नाही. परंतु तिची किंमत किनवट-भोकरच्या शेतकऱ्याने एकट्याने का मोजावी?

समाजवादी चळवळीपुढील खरी अडचण येथे आहे. मुंबईच्या कामगाराला स्वस्त तेल हवे, लातूरच्या शेतकऱ्याला व हमालाला सोयाबीनचा भाव आणि गाळपाचे काम हवे. सत्ताधारी या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करतात. त्यांना एकत्र आणणारी मागणी आपण मांडली पाहिजे. शुल्क हंगामापूर्वी जाहीर व्हावे आणि सोयाबीन शेतकऱ्याच्या हाती असेपर्यंत बदलू नये. शुल्काच्या उत्पन्नातून गरीब कुटुंबांना शिधापत्रिकेवर तेल मिळावे. २०२२ च्या दिवाळीत राज्याने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून पामतेल वाटले, पुढे सोयाबीन तेलही दिले. म्हणजे व्यवस्था अशक्य नाही. ते तेल हमीभावाने घेतलेल्या मराठवाड्यातील सोयाबीनचे आणि येथील गिरण्यांत गाळलेले असावे, एवढाच आग्रह आहे. त्या गिरण्यांतील कामगारांची नोंद, किमान वेतन व भविष्यनिर्वाह निधी ही खरेदीची अट असावी. अन्यथा संरक्षण मालकाचे होईल आणि घाम हमालाचा राहील.

हंगाम सुरू होण्यापूर्वी ही मागणी बाजार समितीच्या आवारात, गिरणीच्या फाटकावर आणि रेशनच्या रांगेत, तिन्ही ठिकाणी एकाच तोंडाने बोलली गेली पाहिजे.