गणपत वाण्याची माडी



मी कामगार संघटनेतला माणूस. कॉलेजची पायरी चढलो नाही. कविता वाचायला शिकलो तो दहिसर ते दादर, लोकल गाडीत. तेव्हा बा. सी. मर्ढेकरांच्या 'गणपत वाणी' या कवितेवर मी समीक्षकाच्या नव्हे, हिशेबाच्या भाषेत बोलणार आहे.

कविता आपणांपैकी पुष्कळांनी वाचली असेल. एक किराणा दुकानदार. जिरे-धणे, तेल विकावे, गिऱ्हाइकाचे मन राखावे, हिशेब करीत बसावे. निजायला गोणपाट, उशाला पोते. बिडी ओढताना तो काडी चघळतो आणि याच जागी माडी उठवण्याचे मनाशी ठरवतो. पुढे बिडी ओढता ओढताच तो मरतो. उपासमार नाही, जुलमी मालक नाही, आक्रोश नाही. मग दुःख कोठे आहे?

दुःख गरिबीत आहेच. पण कवीने बोट ठेवले आहे ते त्या मनाशी बोलण्यावर. गणपत छटाकभर जिऱ्याचा हिशेब ठेवतो. माडीचा कधीच मांडत नाही. विटा किती, पैसा किती, वर्षे किती, यातले काहीच वहीत नाही. तो कोणाजवळ बोलला असता, तर शेजाऱ्याने विचारले असते, "गणपतशेठ, शिल्लक किती?" आत्मवंचना म्हणजे मोठे स्वप्न पाहणे नव्हे, स्वप्नाला हिशेबाचा वारा लागू न देणे. चघळून टाकलेल्या काड्या दुकानाच्या जमिनीत रुतत जातात. माडीच्या पायात पडले ते एवढेच!

तो तुकोबांची गाथा वाचत पडतो. तुकोबाही वाणीच. त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. त्यांनी वही सोडली ती उघड्या डोळ्यांनी. गणपतची वही सुटत नाही, आणि स्वप्न वहीत येत नाही. शेवटी कवी आंधळ्याची आणि दोन डोळ्यांची आपली जुनी म्हण घेतो, पण आंधळ्याला जन्मांध करतो. ज्याने उजेड कधी पाहिलाच नाही, त्याला आपण काय मागतो हे तरी कसे उमगावे?

कवी हसतो, पण कीवही करतो. आपण नुसते हसू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिने उलटले, वर्षे उलटली, तरी उद्या भोंगा वाजेल असे मनाशी म्हणणारे कितीतरी होते. मागणी खरी होती, हाल खरे होते. पण 'भोंगा वाजलाच नाही तर?' हा प्रश्न चाळीत मोठ्याने विचारणे अवघड होते. ती फितुरी वाटे.

स्वप्न टाका, असे मी म्हणत नाही. स्वप्नावाचून संघटना उभी राहत नाही. पण आपली माडी चारचौघांत बोला, वहीत मांडा. जमली तर बांधू. न जमली तर का जमली नाही, हे तरी जिवंतपणी कळेल.