काऊंटरवर पैसे तपासतात, वय नाही

आज पाहुणा नाही, मी एकटाच बडबडणार आहे. विषय जरा टोचणारा आहे: आपल्या गल्लीतल्या वाईन शॉपवर सतरा वर्षांच्या पोराला दारू मिळते कशी?

आधी कायदा, कारण बऱ्याच जणांच्या डोक्यात '१८ झालं की चालतं' असं बसलेलं असतं. १८ गोव्यात. आपल्याकडे बिअरला २१ आणि व्हिस्की, रम, व्होडका वगैरेला २५ पूर्ण लागतात. वर प्यायचा परवाना! एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे, म्हणून हा प्रकार. आता मला सांगा, ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांना कुणी परवाना विचारलाय? मला तर एकदाही नाही.

आणि माझ्या मते गडबड इथूनच सुरू होते. तेवीस वर्षांच्या पोराला व्हिस्की नाकारायची हे कुणीच मनावर घेत नाही. त्याला विचारायचं नाही, मग एकविसाव्याला नाही, मग अठराव्याला नाही, आणि शेवटी सतराव्याला विचारायची सवयच उरत नाही. मिसरूड फुटलंय ना? द्या.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला एक गोष्ट फार खटकते. काऊंटरवर तो छोटा स्पीकर असतो बघा, क्यूआर स्कॅन केला की 'तीनशे वीस रुपये प्राप्त झाले' म्हणतो. तो बोलल्याशिवाय बाटली हातात पडत नाही. म्हणजे दोन सेकंदांत खात्री करून घ्यायची सोय दुकानात आहे, शिस्तही आहे. फक्त ती पैशांसाठी आहे. आधार कार्डावरच्या क्यूआरमध्ये जन्मतारीख आणि फोटो असतात, आणि त्यावर डिजिटल सही असते. मोबाईलमध्ये एडिट केलेला आधारचा फोटो नुसत्या डोळ्यांना फसवतो, पण क्यूआर स्कॅन केला तर खरी तारीखच समोर येते. त्याला इंटरनेटसुद्धा लागत नाही. टेक्नॉलॉजी अडलेली नाही, राव.

अडतं कुठे? रात्री नऊ वाजता त्या जाळीसमोर उभं राहून बघा. वीस हात आत आलेले, 'ए भाऊ, लवकर दे' चालू, आणि पलीकडचा पोरगा स्वतःच बावीस-तेवीसचा, पगारी. त्याने एकाला कार्ड मागितलं की मागचे पाच जण शिव्या घालणार आणि मालक गिऱ्हाईक गेलं म्हणून ओरडणार. त्या पोराच्या बाजूने कुणीच उभं नसतं. त्यामुळे जबाबदारी लायसन्सवाल्यावर टाकली पाहिजे.

पुण्यात १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला काय झालं ते सगळ्यांना आठवतं. पोर्शे, सतरा वर्षांचा मुलगा, आणि बाईकवरचे दोन तरुण इंजिनिअर गेले. माझ्याच पेशातले. आपण सगळे तीनशे शब्दांच्या निबंधावर चिडलो, आणि चिडायलाच हवं होतं. पण त्याआधी तो मुलगा ज्या बारमध्ये बसला होता, तिथे त्याचं वय कुणी विचारलं नाही, यावर आपण दोन दिवसांत बोलायचं थांबलो. त्या बारवाल्यांना अटक झाली, बार सील झाले, ही बातमी आतल्या पानावर गेली.

आता आपल्यावर येऊ. दुकानवाला देत नसेल तर पोरं काय करतात? 'दादा, तू आणून दे ना.' माझा मावसभाऊ बारावीत होता तेव्हा सेंड-ऑफ पार्टीसाठी त्याने मला हेच सांगितलं. पैसे आधीच जीपे करून टाकले होते! मी परत पाठवले. पठ्ठ्या महिनाभर बोलला नाही. मावशी मला विचारत होती, तुमचं काही बिनसलंय का रे? मी काही बोललो नाही, कारण बोललो असतो तर त्याचा फोन गेला असता आणि माझ्याशी बोलणं कायमचं बंद झालं असतं. आणि बिअर? ती त्याला कोपऱ्यावरच्या शॉपीत मिळालीच.

पण 'दादा'लोकांनो, हे नीट ऐका. बालन्याय कायदा, २०१५, कलम ७७. अठराच्या आतल्या कुणालाही दारू दिली किंवा द्यायला लावली तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. हे फक्त दुकानदाराला नाही, जो देईल त्याला लागू आहे. तुम्हालाही. आणि आपल्या घरातल्या लग्नात 'घे रे, एक घोट काय होतो' म्हणणाऱ्या काकांनाही, बरं का.

तक्रार करायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे करा, लायसन्स त्यांच्या हातात असतं. दुकानाचं नाव, तारीख, वेळ एवढं लिहा. पोरांचे फोटो, व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकू नका, प्लीज. त्यांची बदनामी होते, दुकान चालूच राहतं.

तुमच्यापैकी कुणी वाईन शॉपच्या काऊंटरवर काम केलं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, नाव नाही सांगितलं तरी चालेल. पुढचा एपिसोड मला त्या जाळीच्या आतल्या बाजूने करायचाय.