चिलमीचा साहेबी भाऊ

श्रोतेहो, चिलीम तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. मातीची नळी, आत एक खडा, खाली ओली छापी. पारावर एकानं पेटवली की चौघांच्या हातांतून फिरून येते. आज बोलायचं आहे ते तिच्या साहेबी भावाविषयी, म्हणजे पाइपाविषयी. भाऊ म्हटलं खरं, पण स्वभाव अगदी निराळा. चिलीम चारचौघांची, पाइप एकट्याचा. आपला पाइप कोणी दुसऱ्याच्या तोंडी देत नाही.

विलायतेतले पहिले पाइप मातीचेच होते. तेव्हा तंबाखू फार महाग, म्हणून त्यांची वाटी एवढीशी असे. तंबाखू स्वस्त होत गेली, तशी वाटी वाढत गेली. मातीचे पाइप फुटायचे आणि फेकले जायचे. लंडनला थेम्स नदीच्या गाळात त्यांचे तुकडे अजून सापडतात, आणि वाटीच्या मापावरून जाणकार त्यांचा काळ ओळखतात. तुर्कस्तानात एस्किशेहिर नावाचं गाव आहे. तिथं जमिनीतून एक पांढरा, हलका, मऊ खनिज दगड निघतो. त्याचे कोरीव पाइप ओढता ओढता मधासारखे पिवळे होतात, आणि तो रंग चढवणं हाच कित्येकांचा वर्षानुवर्षांचा छंद असतो.

परंतु खरा संसार जमला तो ब्रायरशी. भूमध्य समुद्राकाठी हे झुडूप उगवतं. मूळ आणि खोड यांच्यामध्ये त्याला एक गाठ धरते. ती खणून काढतात, तुकडे करून पाण्यात कित्येक तास उकळतात आणि मग महिनेच्या महिने वाळू देतात. हे लाकूड असं चिवट, की पोटात विस्तव घेऊनही सहसा जळत नाही. फ्रान्समधल्या सें-क्लोद गावात १८५० नंतर त्याचे पाइप होऊ लागले आणि तिथून जगभर गेले.

आता भरण्याची रीत ऐका. ओढणारांची एक जुनी म्हण आहे : तळाशी तंबाखू लहान मुलाच्या हातानं भरावी, मधे बाईच्या हातानं आणि वर पुरुषाच्या हातानं. म्हणजे खाली सैल, वर घट्ट. (खुरपणी करणाऱ्या आमच्या बायांचे हात म्हण रचणारानं पाहिले नसावेत!) पहिली काडी फुकटच जाते. तंबाखू फुगून वर येते, ती हलकेच दाबायची आणि पुन्हा पेटवायची. मग अगदी सावकाश ओढायचं. लोहाराच्या भात्यासारखा जोर लावलात, तर वाटी तापते, जीभ पोळते, आत पाणी गुरगुरतं. मधेच विझला तर त्यात कमीपणा नाही, पुन्हा पेटवावा. घाईच्या माणसाला हा पाइप वशच होत नाही. दिवसभराच्या दगदगीनंतर ओढणाराला जो विसावा मिळतो, तो निम्मा तरी या हळूपणातच असावा, असं मला वाटतं.

आणि पाइपाला विश्रांती लागते. आज ओढला की उद्या त्याला सुट्टी. आतला ओलावा सुकला पाहिजे, नाहीतर तो आंबूस होतो. म्हणून शौकीन माणूस तीनचार पाइप बाळगतो आणि बैलांच्या जोड्यांसारखे आळीपाळीनं जुंपतो. गरम असताना दांडी उपसायची नाही, ती तडकते. वाटीत काजळीचा थर धरतो. तो नाण्याच्या जाडीइतका ठेवून बाकीचा खरवडायचा. लटाकिया म्हणून धुरी देऊन केलेली एक तंबाखू आहे. तिचा वास लाकडात असा मुरतो, की तिच्यासाठी वेगळाच पाइप राखून ठेवतात. मग यातला एक आवडता होतोच. बहुधा सर्वांत जुना, डाग पडलेला.

इथं गुरुजी मला विचारतील, की अहो, हे कौतुक ठीक, पण वैद्य काय म्हणतो? हा वाद जुनाच आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या दक्षिणेत आहे. अकबराचा वकील असद बेग यानं विजापुरास तंबाखू पाहिली, आणि १६०४च्या सुमारास रत्नजडित नळीसह ती बादशहापुढं ठेवली. अकबरानं दोनचार झुरके घेतले. हकिमानं तिथल्या तिथं हरकत घेतली. पुढं १६१७ साली जहांगीरनं तंबाखूवर बंदीच घातली. ती किती पाळली गेली, हे तुमच्या गावच्या चावडीवरून ओळखा.

हकीम मात्र चुकला नव्हता. १७९५ साली सोमरिंग नावाच्या जर्मन वैद्यानं लिहून ठेवलं, की पाइप ओढणारांच्या ओठाला कर्करोग होतो. 'आम्ही धूर छातीत घेत नाही, तोंडातूनच सोडतो,' असं पाइपवाले सांगतात. पण तंबाखूचं विष तोंडाच्या अस्तरातूनही अंगात भिनतं. ओठ, जीभ, गाल, घसा हेच त्याचं रान. पाइपाची एवढी वाखाणणी करून हे सांगितलं नाही, तर मी तुमच्याशी लबाडी केली असं होईल. २००३च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. पण मास्तरांच्या खिशातली चंची मुलांना शंभर यार्डांवरून दिसते, हे आपण जाणताच.

मग त्या विसाव्याचं काय करायचं? तो हवाच असतो. आइन्स्टाइन हे थोर शास्त्रज्ञ पाइपाचे मोठे भक्त. उतारवयात डॉक्टरांनी त्यांना तंबाखू बंद करायला सांगितली. त्यांनी पाइप काही टाकला नाही. रिकामाच हातात धरायचे, रिकामाच दातांत. त्यांचा एक पाइप आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. चावून चावून त्याच्या दांडीला भोक पडलेलं आहे.