विचारपूस आणि न्यायनिवाडा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, पनवेल येथे केलेले भाषण)



मी एक सामान्य प्राथमिक शिक्षक. आज उपदेश करण्यास नव्हे, तर माझ्या हातून घडलेला एक अपराध सांगण्यास उभा आहे.

पस्तीसएक वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा रोज उशिरा येई. कारण विचारता मान खाली घाली. मी त्याला आळशी ठरविले, छडीही दिली. पुढे एका रविवारी तो मला नेऱ्याच्या एस. टी. गाडीत भेटला. हातात भाकरीचे फडके होते. त्याची आई तेथील शांतिवनात कुष्ठरोगावर उपचार घेत होती. सकाळी स्वयंपाक करून, धाकट्या भावंडांना जेवू घालून तो शाळेत येत असे. तो हळूच म्हणाला, “गुरुजी, वर्गात कोणाला सांगू नका. मग माझ्या बाकावर कोणी बसणार नाही.”

त्या दिवशी मला कळले की, माझे ते रोजचे विचारणे हे विचारणे नव्हतेच. ते दरडावणे होते. न्याय मी आधीच देऊन ठेवला होता.

या रोगाच्या बाबतीत समाजानेही तेच केले. नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ सालीच त्याचे जंतू दाखवून दिले. तरी आपण त्याला पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हणत राहिलो. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन व वरोऱ्यास बाबा आमट्यांनी आनंदवन उभारले, ते ‘दोष कोणाचा?’ हे न विचारता. आज सहा किंवा बारा महिन्यांच्या औषधोपचाराने हा रोग बरा होतो. रोग्यांना डांबून ठेवणारा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. २०१९ साली घटस्फोटाच्या कारणांतूनही या रोगाचे नाव वगळले गेले.

कायद्याने आपला निकाल फिरविला. आपण फिरविला काय? सोयरिकी जुळविताना आपल्या ज्ञातीत अद्याप कुजबूज चालते, “त्या घरात काहीतरी आहे हो!” तेवढ्या एका वाक्याने एखाद्या निरपराध मुलीचे लग्न मोडते. आजार असो, दारिद्र्य असो वा मोडलेला संसार असो, त्या घराची पायरी न चढताच आपण निवाडा करतो.

माझी एकच विनंती आहे. ज्या घराविषयी असे बोलले जाईल, त्या घरी मंडळाच्या दोन वडीलधाऱ्यांनी आधी जावे, चहा घ्यावा आणि “आमच्याकडून काय व्हावे?” एवढेच विचारावे.

त्या मुलाचे गुपित मी वर्गात फोडले नाही. परंतु त्याची क्षमा मागावयाची राहून गेली. आपल्यापैकी कोणावर अशी पाळी न येवो, इतकेच सांगून मी आपली रजा घेतो.