चोवीस तासांच्या बाईचा रविवार

(म्हैसूर येथे शिकणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मराठी तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पदवी पहिल्यांदाच आली आहे. ती यावी म्हणून कुणाच्या आईने दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी केली. माझ्याही आईने केली. आज आपल्याला पगार सुरू झालेत. उद्या मूल सांभाळायला, म्हाताऱ्या आईवडिलांकडे बघायला आपणही बाई ठेवू. म्हणून आज मालकाच्या घरी मुक्कामी राहणाऱ्या घरकामगार बायांच्या सुट्टीविषयी बोलतो.

लोक त्यांना 'चोवीस तासांची बाई' म्हणतात. कारखान्यात तीन पाळ्या चालतात, पण कुणाला 'चोवीस तासांचा कामगार' म्हणत नाहीत. तिथे पाळी संपते. इथे संपत नाही.

आपल्या चळवळीला सुट्टीचा प्रश्न नवा नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी साप्ताहिक सुट्टी मागितली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४५ मध्ये, कारखाना कायद्यात भरपगारी रजेची तरतूद आली. १९४८ च्या कायद्याने आठवड्याची सुट्टी दिली आणि वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली.

हा कायदा घराच्या उंबरठ्यावर थांबला. कर्नाटकाने २००४ मध्ये घरकामगारांसाठी किमान वेतन जाहीर केले. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. दोन्ही पावले मोलाची आहेत. पण किमान वेतन 'किती' याचे उत्तर देते आणि मंडळ योजना राबवते. मुक्कामी बाईला फाटकाबाहेर कधी जाता येईल, हा प्रश्न उरतोच.

घर म्हणजे कामाची जागा नव्हे, असे कुणी म्हणेल. पण कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरालाही कामाचे ठिकाण मानले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ चा. आठवड्यात सलग २४ तास विश्रांती मिळावी आणि त्या वेळेत मालकाच्या घरी थांबण्याची सक्ती नसावी, असे तो सांगतो. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण करार अजून मंजूर केलेला नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठीच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमा, असे केंद्राला सांगितले.

आता साधा हिशेब करू. एखादी मुक्कामी बाई सकाळी ६ ला उठते, रात्री १० ला आडवी होते. मधले चार तास सोडून दिले, तरी दिवसाचे १२ आणि आठवड्याचे ८४ तास झाले. कारखान्याची मर्यादा ४८ आहे. वर्षाला ५२ सुट्ट्या बुडाल्या, तर सात वर्षांत ३६४ दिवस, म्हणजे तिच्या आयुष्यातले जवळपास एक पूर्ण वर्ष गेले.

सुट्टी मागितली की उत्तर येते, "अगं, तू तर घरातलीच!" घरातली असेल तर तिचा कप वेगळा का? तिचे अंथरूण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात का? आणि गावाला गेली की खाडे कापता, ते कोणत्या नात्याने? जातीने फुकटच्या कामाला सेवा म्हणायला शिकवले. 'घरातलीच' हा शब्द त्याच शाळेतला आहे.

म्हैसुरात दसऱ्याला सगळे शहर दिव्यांनी उजळते, पाहुणे येतात आणि मुक्कामी बाईचे काम दुप्पट होते. आपल्यासाठी अशोक विजयादशमी हा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस आहे. त्या दिवशी तिला आपल्या वस्तीत, आपल्या माणसांत असावेसे वाटणार नाही का? माणसे भेटली, तरच संघटना होते. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये संप केला. त्या रोज संध्याकाळी आपापल्या वस्तीत परतत होत्या, एकमेकींशी बोलू शकत होत्या. मुक्कामी बाईला ती संध्याकाळच मिळत नाही.

कायदा येईल तेव्हा येईल, त्यासाठी भांडूच. तोवर आपल्या घरात बाई ठेवायची वेळ आली, तर पहिल्याच दिवशी तिच्या भाषेत चार गोष्टी कागदावर लिहा. आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी, आणि त्या वेळेत कुठे जायचे ते ती ठरवेल. वर्षाची भरपगारी रजा, निदान कारखान्याच्या हिशेबाने. सणांचे दिवस तिच्या पसंतीचे. आजारपणाचे खाडे कापायचे नाहीत. एक प्रत तिच्याकडे द्या. सुट्टीच्या दिवशी आपली सोय कशी होईल, याची काळजी आपण करायची, तिने नाही.

हे परवडत नसेल, तर चोवीस तासांची बाई आपल्याला परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिच्या रविवारातून आपली बचत करायची नाही. आपल्या आयांना जे मिळाले नाही, ते निदान आपल्या हातून कुणाचे हिरावले जाऊ नये.

जय भीम!