कुंपणाच्या खड्ड्यांतील पाणी

गांवाबाहेर जागा घेऊन घर बांधणाऱ्या गृहस्थाचें लक्ष कुंपणाच्या खांबांकडे असतें. ते ज्या खड्ड्यांत उभे राहावयाचे, त्यांकडे सहसा जात नाहीं. खड्डे खणून होतात न होतात तोंच पावसाची मोठी सर येते आणि दुसरे दिवशीं सारे खड्डे भरलेले आढळतात. मजूर खोळंबलेले असतात. म्हणून थोडेंफार पाणी उपसून खांब चिखलांतच रोवला जातो. त्या दिवशीं तो सरळ दिसतो. पुढें तळचा चिखल सुकून आकसतो, तेथें पोकळी होते आणि तारेचा ताण बसतांच खांब कलूं लागतो.

फूटभर रुंद व दोन फूट खोल अशा गोल खड्ड्यांत सुमारें ४४ लिटर, म्हणजे तीन बादल्या पाणी मावतें. तेव्हां काम मोठें नाहीं. मात्र तें क्रमानें व्हावें. प्रथम चढाच्या बाजूस मातीचा वरंबा घालून बाहेरचें पाणी अडवावें. अरुंद खड्ड्यांत बादली बुडत नाहीं, म्हणून काठीस डबा बांधून उपसावें व पाणी उताराकडे दूर टाकावें. उरलेलें गोणपाटानें टिपावें. पातळ राड फावड्यावर ठरत नाहीं. तींत कोरडी माती मिसळली म्हणजे ती घट्ट होऊन उचलतां येते. शेवटीं पहार आपटून पाहावी. ती रुतली तर चिखल शिल्लक आहे; टणक आवाज आला तर खरा तळ लागला.

उपसलेलें पाणी पाऊस नसतांहि थोड्या वेळांत पुनः वर आलें, तर तें जमिनींतील झरपाचें समजावें. तेथें उपसण्याचा हट्ट व्यर्थ होय. शेजारीं अधिक खोल खड्डा घेऊन त्यांतून पाणी काढावें, किंवा तें उतरेपर्यंत थांबावें. देशावरील काळ्या मातींत तळाशीं खडी घातली म्हणजे पाणी जिरतें, असा समज आहे. परंतु ही माती पाणी सहजीं सोडीत नाहीं, आणि खडीचें तेथें लहानसें टांकें होतें.

सिमेंट पाण्यांतहि घट्ट होतें, मग उपसावें कशाला, असें कोणी विचारील. डफ एब्रम्स यांनीं १९१८ सालीं अमेरिकेंत दाखवून दिलें कीं, सिमेंटाच्या मानानें पाणी जितकें अधिक, तितकें काँक्रीट दुबळें. लाकडास कुजविणाऱ्या बुरशीस ओल व हवा दोन्ही लागतात. म्हणून लांकडी खांब बहुधा जमिनीलगतच कुजतो. यास्तव बुंध्याभोंवतीं भर घालून पाण्यास बाहेर उतार द्यावा.

आणखी एक गोष्ट. मजुरी खांबामागें ठरविली असेल, तर खड्डा साफ करण्याचा वेळ मजुराच्या पदरचा जातो. त्याची घाई हा आळस नव्हे. उपसण्याचे पैसे निराळे द्यावे आणि भर घालण्यापूर्वीं तळ स्वतः पाहावा. काम दुसऱ्या दिवसावर गेलें, तर उघड्या खड्ड्यांवर रात्रीं फळ्या टाकण्यास विसरूं नये. गुडघाभर पाणीहि लहान मुलाच्या जिवावर बेततें.