आजीची कवळी आणि सुटे राहिलेले रेणू

मागे खटखट ऐकू येतेय ना? ती आमच्या गल्लीतल्या पॉवरलूमची. भिवंडीत शांततेत रेकॉर्डिंग करायचं म्हटलं तर रात्री दोनलाही जमत नाही.

तर आजचा विषय आजीची कवळी. गणपतीच्या आधी तिची खालची कवळी मोरीत पडली, दोन तुकडे. एका ठिकाणी दिली, तासाभरात जोडून मिळाली, मी खूश. संध्याकाळी आजी म्हणते, "अरे, हिरडीला मिरची लावल्यागत होतंय." दोन दिवस ती पेजेवर राहिली. आणि मी काय म्हणालो? "होईल गं सवय." अजून लाज वाटते त्याची.

मग वाचत बसलो. कवळीचा गुलाबी भाग पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचा असतो. हे प्लास्टिक मुळात वाईट नाही. 1949 मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी माणसाच्या डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती याचीच. युद्धात विमानाच्या काचेचे कण पायलटांच्या डोळ्यात घुसले होते. ती काचही याच प्लास्टिकची होती, आणि डोळ्याने तिला फारसा विरोध केला नव्हता, हे त्यांनी पाहिलं होतं.

मग आजीला झोंबलं काय? तर कवळी बनवताना पावडर आणि लिक्विड कालवतात. लिक्विड म्हणजे मोनोमर, सुटे रेणू. ते एकमेकांना जोडले जाऊन लांब साखळ्या बनतात आणि माल घट्ट होतो. पण सगळे जोडले जात नाहीत, काही सुटेच राहतात. हीट क्युअरमध्ये साधारण 74 अंशांच्या पाण्यात आठ-नऊ तास ठेवतात, तेव्हा बहुधा अर्ध्या टक्क्याच्या आतच उरतात. कोल्ड क्युअर मात्र खोलीच्या तापमानाला काही मिनिटांत घट्ट होतं आणि त्यात काही टक्के उरू शकतात. झटपट दुरुस्ती बहुतेक वेळा यानेच होते. उरलेलं हळूहळू थुंकीत उतरतं.

हे पेशींना किती बाधतं ते कसं कळतं? हा भाग मला जाम आवडला. मटेरियल द्रवात भिजत ठेवतात आणि तो द्रव डिशमधल्या पेशींवर टाकतात. बऱ्याचदा उंदराच्या एल929 पेशी असतात. मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या नाही. आमच्याकडे सर्व्हरला पिंग करतो ना, अगदी तसंच. आयएसओच्या नियमात जिवंतपणा 70 टक्क्यांखाली गेला की मटेरियल पेशींना घातक असू शकतं असं धरतात. अर्थात डिश म्हणजे तोंड नव्हे. तोंडात थुंकी सतत धुऊन नेते.

शेवटी ओळखीच्या डेंटिस्ट ताईंना फोन केला. त्या आधी मलाच ओरडल्या. "रात्री काढून ठेवते का? नीट बसते का?" कारण हिरडी लाल होण्यामागे बऱ्याचदा बुरशी असते, रात्रंदिवस कवळी घातल्याने वाढलेली. प्रत्येक वेळी मोनोमरवर खापर फोडू नका. पण नवी किंवा जोडलेली कवळी आधी दिवसभर साध्या पाण्यात ठेवायची. सुटे रेणू बरेचसे पाण्यात निघून जातात. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. आणि दुरुस्तीला देताना सरळ विचारायचं, हीट क्युअर की कोल्ड?

आम्ही स्टीलच्या डब्यात एक दिवस भिजत ठेवली. मग ताईंनी ती तपासली, एक कडा टोचत होती ती घासून दिली. म्हणजे नक्की कशाने बरं वाटलं, पाण्याने की घासल्याने, हे मी छातीठोक नाही सांगणार. आजीने मात्र चौथ्या दिवशी तांदळाची भाकरी मागितली, वर सुकटीची चटणी.

तुमच्या घरी कवळी आहे? विचारून बघा आज, आणि मला व्हॉइस नोट पाठवा.